तीन बिऱ्हाडांचे घर विकणे आहे

वाचकहो, घराच्या जाहिरातीत इतिहास सापडतो, असे कुणी म्हटले तर तुम्हांला नवल वाटेल. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, बखरी येतात, किल्ल्यांचे बुरूज येतात. ते सारे खरेच. पण बाजारातली एक साधी जाहिरातसुद्धा इतिहासाचे साधन ठरू शकते. फक्त ती घाईघाईने वाचून चालत नाही. शब्दाशब्दाशी थांबावे लागते आणि ‘हा शब्द इथे का आला?’ असे विचारावे लागते. आज आपण तसेच करू.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचा ब्रुकलिन नावाचा एक मोठा भाग आहे. त्या भागात बेडफर्ड-स्टायव्हेसंट नावाची जुनी वस्ती आहे. नाव लांबलचक, म्हणून तिथले लोक नुसते ‘बेड-स्टाय’ म्हणतात. या वस्तीतली घरे विकायला निघाली म्हणजे त्यांच्या जाहिराती साधारण अशा धर्तीच्या असतात:

“ऐतिहासिक वस्तीतील चार मजली, तपकिरी दगडाचे, तीन बिऱ्हाडांचे घर. संपूर्ण नूतनीकरण केलेले. मूळचे लाकूडकाम शाबूत. मागे बाग. रिकामे करून ताब्यात मिळेल. विकणे आहे.”

झाली जाहिरात. आता हिचा एकेक शब्द उचलून पाहू.

पहिला शब्द घेऊ ‘तपकिरी दगडाचे’. हा दगड ब्रुकलिनचा नव्हे. त्यातला बराचसा शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या पोर्टलंड गावच्या खाणींतून आला. खाणी नदीच्या काठावर होत्या, त्यामुळे दगड गलबतांत भरून पाण्याच्या वाटेने थेट न्यूयॉर्कला आणता येत असे. हा वालुकाश्म आहे, म्हणजे वाळू थरावर थर साचून, दाबली जाऊन झालेला दगड. त्यात लोहाचा अंश असल्यामुळे त्याला तांबूस-तपकिरी रंग चढतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापुढे तो अगदी मऊ. पाथरवटाला त्यावर वेलबुट्टी कोरणे सोपे जाई, आणि पांढऱ्या संगमरवरापेक्षा तो स्वस्तही पडे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या मध्यमवर्गाला त्याचे वेड लागले.

आणि गंमत अशी, की ही घरे खरे म्हणजे दगडाची नाहीतच! घर सारे विटांचे. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला तेवढा चार-सहा इंच जाडीचा दगडी मुलामा. शिवाय हा मुलामा लावताना एक चूक फार ठिकाणी झाली. खाणीत या दगडाचे थर वहीच्या पानांसारखे आडवे पडलेले असतात. भिंतीतही ते तसेच आडवे बसवावेत, असा जुना नियम. पण पातळ फरशा उभ्या लावल्या की थरही उभे राहतात. मग पावसाचे पाणी थरांमध्ये शिरते, हिवाळ्यात त्याचे बर्फ होते, बर्फ फुगते, आणि पोळीचे पापुद्रे सुटावेत तसे दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उंच जागी पाणी कसे मुरते आणि बांध कसा फुगतो, हे तो दरसाल पाहतो.

ही घरे ब्रुकलिनमध्ये एवढ्या संख्येने का उभी राहिली? वाहतुकीमुळे. न्यूयॉर्कचा जुना गाभा म्हणजे मॅनहॅटन बेट. बेट आणि ब्रुकलिन यांच्यामध्ये ईस्ट रिव्हर नावाचा रुंद प्रवाह. सन १८१४ मध्ये रॉबर्ट फुल्टन याची वाफेची बोट या प्रवाहावरून नियमित ये-जा करू लागली. मे १८८३ मध्ये प्रसिद्ध ब्रुकलिन पूल खुला झाला. १८८५ नंतर खांबांवरून धावणारी आगगाडी बेडफर्डच्या बाजूला पोहोचली. कचेरी बेटावर आणि घर ब्रुकलिनमध्ये, असे राहणे मग सोयीचे झाले. ब्रुकलिन तेव्हा स्वतंत्र शहर होते. १ जानेवारी १८९८ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये सामील झाले. ठेकेदार शेताच्या जमिनी विकत घेत, त्यांचे साधारण वीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल असे पट्टे पाडत, आणि एकाच नमुन्याची पाच-दहा घरे एका ओळीत बांधून विकत. बेड-स्टायमधली बहुतेक तपकिरी घरे १८७० ते १९०० च्या दरम्यानची आहेत.

आपला पुणेरी वाडा चौकाभोवती ऐसपैस बसतो. हे घर अरुंद जागेत उभे राहते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यामुळे उजेड यायचा तो पुढून आणि मागून. मधल्या खोल्या अंधाऱ्या. रस्त्यावरून दहा-बारा दगडी पायऱ्या चढून गेले की मुख्य दरवाजा. या पायऱ्यांच्या उंच ओट्याला तिथे ‘स्टूप’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला, कारण न्यूयॉर्क ही मुळात डचांची वसाहत. वस्तीच्या नावातला स्टायव्हेसंट म्हणजे तिचा शेवटचा डच कारभारी. १६६४ मध्ये त्याने ती इंग्रजांच्या हवाली केली. राज्य गेले, भाषा गेली. पण ओटा राहिला आणि ओट्याचे नावही राहिले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अख्खी आळी त्या ओट्यांवर बसून गप्पा मारते, हे वाचून तुम्हांला ते लोक मुळीच परके वाटणार नाहीत.

पायऱ्यांखाली, अर्धवट जमिनीत, स्वयंपाकघर आणि जेवणघर. वर दिवाणखाना. त्याच्या वर निजायच्या खोल्या. सगळ्यांत वर नोकरचाकर. थोडक्यात, हे घर एका खात्यापित्या कुटुंबासाठी बांधलेले होते. मग जाहिरातीत ‘तीन बिऱ्हाडांचे’ हा शब्द कुठून आला? इथेच खरा इतिहास सुरू होतो.

पण त्याआधी ‘ऐतिहासिक वस्ती’ हा शब्द घेऊ. कारण या परिसराचा इतिहास तपकिरी घरांच्या आधीचा आहे. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली. आफ्रिकी वंशाची माणसे स्वतंत्र झाली. पण मताचा हक्क? १८२१ च्या राज्यघटनेने अशी तरतूद करून ठेवली होती, की कृष्णवर्णी पुरुषाजवळ २५० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता असेल तरच त्याला मत देता येईल. गोऱ्या पुरुषांना मात्र मालमत्तेची ही अट नव्हती. म्हणजे पाहा, जमिनीचा तुकडा हाच मताचा परवाना! १८३८ मध्ये जेम्स वीक्स नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णी गृहस्थाने याच परिसरात जमीन खरेदी केली. त्याच्या आसपास आणखी कुटुंबांनी जमिनी घेतल्या आणि वीक्सव्हिल नावाचे गाव वसले. १८५० च्या सुमारास तिथे पाचएकशे लोक राहत होते. त्यांची शाळा होती, चर्च होते, वर्तमानपत्र होते. १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भयंकर दंगल उसळली आणि कृष्णवर्णी माणसांना शोधून शोधून मारले जाऊ लागले, तेव्हा कित्येकांनी या गावात आसरा घेतला.

पुढे शहर वाढले, नवे रस्ते आखले गेले, आणि वीक्सव्हिल त्यात बुडून गेले. त्याचे नावही लोकांच्या तोंडून गेले. १९६८ मध्ये एका इतिहास-अभ्यासकाने आणि एका वैमानिकाने विमानातून या भागाची पाहणी केली. तेव्हा सरळ आखलेल्या रस्त्यांच्या जाळ्यात, एका जुन्या तिरप्या वाटेच्या खुणेवर उभी असलेली काही लाकडी घरे त्यांना दिसली. नव्या रस्त्यांशी ती जुळत नव्हती, कारण ती नव्या रस्त्यांच्या आधीची होती. ती वीक्सव्हिलची घरे! १९७० मध्ये त्यांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. आज तिथे संग्रहालय आहे.

आता ‘तीन बिऱ्हाडे’. १९१० ते १९७० या साठ वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णी लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. दक्षिणेत कापसाच्या शेतीवरची वेठ होती, कर्जाचा फास होता आणि जमावाच्या हातून मरण्याचे भय होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांची पहिली मोठी वस्ती मॅनहॅटनच्या हार्लेम भागात झाली. तिथे दाटी झाली. १९३६ मध्ये भुयारी रेल्वेचा नवा फाटा बेड-स्टायमधून धावू लागला आणि हार्लेमहून थेट इथे येता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रुकलिनच्या नौदल गोदीत सत्तर हजारांच्या आसपास कामगार लागले. तिथे मजुरी होती. जिथे मजुरी, तिथे माणूस बिऱ्हाड थाटणारच.

त्यांच्याबरोबर वेस्ट इंडिजच्या बेटांवरून, विशेषतः बार्बाडोसहून, आलेली कुटुंबेही होती. या कुटुंबांतल्या बायका दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करीत, पुरुष कारखान्यांत राबत, आणि दोघांच्याही मनात एकच ध्यास असे: तपकिरी दगडाचे घर स्वतःचे झाले पाहिजे! बँक तर दाराशी उभी करीत नसे. मग पैसा कसा उभा राही? त्यांच्यात ‘सूसू’ नावाची पद्धत होती. दहावीस जणांनी दर आठवड्याला ठराविक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने ती सगळी एकेकाला द्यायची. अहो, ही तर आपली भिशी! सातासमुद्रांपलीकडे कष्टकरी माणसांना हीच युक्ती सुचावी, यात केवढा अर्थ आहे! भिशीच्या पैशातून घराची पहिली रक्कम भरायची, आणि उरलेले हप्ते फेडायला घरात भाडेकरू ठेवायचे. मालक स्वतः तळाशी, स्वयंपाकघराच्या मजल्यावर राहायचा. दिवाणखान्याच्या मधोमध लाकडी भिंत घालून तिथे एक बिऱ्हाड. वर दुसरे. जिथे पूर्वी नोकर निजत, तिथे तिसरे. एकाच्या ऐशआरामासाठी बांधलेले घर अशा रीतीने तीन-चार कुटुंबांच्या निवाऱ्याचे झाले. न्यूयॉर्कच्या कायद्याच्या भाषेत तीन किंवा अधिक कुटुंबे वेगवेगळी राहतात ती ‘बहुकुटुंब’ इमारत. १९२९ च्या कायद्यात ही व्याख्या आहे. पण त्या कोरड्या व्याख्येमागे कुणाची काटकसर होती, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

इथवर ही कष्टाची आणि जिद्दीची कथा झाली. पण तिच्या वाटेत एक रेघ आडवी आली. तीही ओलांडली पाहिजे.

१९२९ नंतर अमेरिकेत भीषण मंदी आली. लाखो लोकांची घरे लिलावात निघू लागली. सरकारने १९३३ मध्ये घरमालकांच्या कर्जासाठी एक महामंडळ काढले. या महामंडळाने शहराशहरांचे नकाशे तयार करवून घेतले. कोणत्या वस्तीत कर्ज देणे सुरक्षित, कोणत्या वस्तीत धोक्याचे, ते रंगांनी दाखवले. सर्वांत चांगली वस्ती हिरवी, तिच्याखालची निळी, मग पिवळी, आणि सर्वांत धोक्याची लाल. घरांचे वय, पडझड या गोष्टी तर पाहिल्याच. पण वस्तीत कोणत्या वंशाचे लोक राहतात, हेही पाहिले. कृष्णवर्णी माणसे राहत असतील तर तेवढ्यावरून वस्तीची प्रत घसरायची. बेड-स्टायवर लाल रंग चढला. १९३४ पासून घरकर्जाची हमी देणारे सरकारी खातेही याच विचाराने चालले.

लाल रंगाचा परिणाम काय झाला, ते नीट समजून घ्या. समजा, गावच्या सोसायटीने एका वाडीला पीककर्ज देणे बंद केले. वाडीला बियाणे मिळाले नाही, खत मिळाले नाही. अर्थातच पीक बुडाले. मग सोसायटीच्या पंचांनी म्हणावे, “बघा, आम्ही सांगतच होतो, ही वाडी कर्ज द्यायच्या लायकीची नाही!” बेड-स्टायचे अगदी हेच झाले. कर्ज नाही म्हणून छपराची डागडुजी नाही. डागडुजी नाही म्हणून घर गळते. घर गळते म्हणून किंमत पडते. आणि किंमत पडली, की नकाशा खरा ठरतो. मध्ये दलालांचे फावले. ते गोऱ्या घरमालकांना भीती घालत, “काळे लोक येताहेत, वेळीच विका,” म्हणून घर स्वस्तात उचलत, आणि तेच घर कृष्णवर्णी गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकत. बँकेचा दरवाजा बंद असलेला माणूस जाणार कुठे?

काही शहरांत तर घराच्या खरेदीखतातच अट घालून ठेवलेली असे, की हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकता कामा नये. सेंट लुइस शहरात शेली नावाच्या कृष्णवर्णी कुटुंबाने १९४५ मध्ये एक घर घेतले. तेही दोन बिऱ्हाडांचेच होते. त्या घरावर १९११ ची अशी अट होती. शेजारी कोर्टात गेले. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १९४८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की असल्या अटी अमलात आणायला देशातले कोणतेही कोर्ट मदत करणार नाही. पण घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला १९६८ साल उजाडावे लागले. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि ११ एप्रिलला त्या कायद्यावर सही झाली.

हे वाचताना आपल्याला आपल्याच घरची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ हार्लेमला अगदी लागून आहे. ही एवढी मोठी विद्या घेऊन आल्यावर १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि सबंध शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही! पारशांच्या एका धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला. तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले थोर कृष्णवर्णी विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. न्यूयॉर्कमधली लाल रेघ आणि बडोद्यातला बंद दरवाजा यांची जात एकच आहे, हे या दोन माणसांना सांगावे लागत नव्हते.

आता आपण ‘नूतनीकरण’ या शब्दाशी येऊ. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन, १९१० मध्ये खुली झालेली केवढी तरी भव्य इमारत, पाडायला घेतली. लोक हळहळले, संतापले. या हळहळीतून १९६५ मध्ये शहराने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच साली ब्रुकलिन हाइट्स ही वस्ती शहरातली पहिली ‘ऐतिहासिक वस्ती’ म्हणून जाहीर झाली. बेड-स्टायमधल्या स्टायव्हेसंट हाइट्स या भागाला तो मान १९७१ मध्ये मिळाला.

दरम्यान बेड-स्टायचे लोक हात जोडून बसले नव्हते. १९६६ च्या आरंभी सिनेटर रॉबर्ट केनेडी वस्ती पाहायला आले. पाहण्या करणारे पुष्कळ येऊन गेले, आता काम दाखवा, असे तिथल्या एल्सी रिचर्डसन यांच्यासारख्या कार्यकर्त्या बायकांनी त्यांना तोंडावर ऐकवले. त्यातून १९६७ मध्ये एक लोकसंस्था उभी राहिली. वस्तीने स्वतःचा विकास स्वतः करावा, या धर्तीची अमेरिकेतली ती पहिलीच मोठी संस्था मानली जाते. तिने वस्तीतल्याच बेकार तरुणांना गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम शिकवले आणि त्यांच्याकडून घरांच्या दर्शनी भिंती, ओटे, लोखंडी कठडे दुरुस्त करून घेतले. घरेही सुधारली आणि पोरांच्या हाताला कामही मिळाले. याच वस्तीतल्या शर्ली चिझम १९६८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेल्या. त्यांची आई बार्बाडोसची. प्रतिनिधिगृहावर निवडून आलेली ती पहिली कृष्णवर्णी स्त्री. जिथे एके काळी मत देण्यासाठी २५० डॉलरची जमीन दाखवावी लागे, तिथूनच ही बाई निवडून आली!

दगडाची दुरुस्ती कशी करतात, तेही सांगतो. पोर्टलंडच्या खाणी १९३० च्या दशकातल्या महापुरांत पाण्याखाली गेल्या. त्यामुळे जुन्या जातीचा दगड मिळणे दुरापास्त झाले. म्हणून गवंडी सुटलेले पापुद्रे छिनीने काढून टाकतात, खालचा घट्ट दगड खरवडून घेतात, आणि त्यावर तपकिरी रंग मिसळलेल्या सिमेंटचे थरावर थर देऊन जुन्या नक्षीबरहुकूम आकार काढतात. तेव्हा आज जे ‘तपकिरी दगडाचे घर’ म्हणून विकले जाते, त्याच्या दर्शनी भागात कित्येकदा दगडापेक्षा गिलावाच जास्त असतो.

पण नूतनीकरणाचा खरा प्रश्न गिलाव्याचा नाही. प्रश्न असा, की हे घर कोणत्या सालासारखे नवे करायचे? १८९० सारखे, की १९४० सारखे? जाहिरातीत ‘मूळचे लाकूडकाम शाबूत’ म्हणतात, ते १८९० चे. नवा श्रीमंत मालक येतो, बिऱ्हाडे पाडणाऱ्या भिंती काढून टाकतो, मोठा दिवाणखाना परत मोकळा करतो, आणि म्हणतो, मी घराला त्याचे मूळ रूप दिले. दिसायला ते सुंदर दिसते, यात शंका नाही. पण त्या लाकडी भिंतीही इतिहासच होत्या. भिशीचा पैसा, धुण्याभांड्यांची मजुरी आणि चार कुटुंबांचा शेजार त्या भिंतींत होता. शिवाय हिशेब पाहा: जिथे चार कुटुंबे राहत होती तिथे एक-दोन राहू लागली, की उरलेल्यांनी जायचे कुठे? रक्षणाचा कायदा दर्शनी भिंतीला हात लावू देत नाही, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. परंतु आत कोण राहते, भाडे किती, घर कुणाला विकले, हे तो विचारत नाही. दगड सांभाळायला कायदा आहे. शेजार सांभाळायला त्याच्यात कलम नाही.

म्हणूनच जाहिरातीतले ‘रिकामे करून ताब्यात मिळेल’ हे चार शब्द मला सर्वांत जड वाटतात. न्यूयॉर्कमध्ये भाडेवाढीवर मर्यादा घालणारा मुख्य कायदा सहा किंवा अधिक गाळ्यांच्या जुन्या इमारतींना लागतो. तीन बिऱ्हाडांच्या घरातला भाडेकरू सहसा त्याच्या बाहेर राहतो. २०२४ मध्ये भाडेकरूला विनाकारण काढू नये म्हणून राज्याने नवा कायदा केला. पण दहा किंवा त्याहून कमी गाळे असलेल्या लहान मालकांना त्यातून सूट दिली. लहान मालकाची बाजूही खोटी नाही. ज्या म्हाताऱ्या बाईने पन्नास वर्षे घर सांभाळले, कर भरला, छप्पर शाकारले, तिला आता चांगली किंमत आली तर ती तिने का घेऊ नये? बँकेने एके काळी लाल रेघ ओढलेल्या या वस्तीत आज घरे वीस लाख डॉलरच्या पलीकडे विकली जातात. २०१० ते २०२० या दहा वर्षांत इथले कृष्णवर्णी रहिवासी हजारोंनी कमी झाले आणि गोरे रहिवासी हजारोंनी वाढले. कुणी आनंदाने विकून गेले, कुणी भाडे परवडेना म्हणून गेले, आणि कुणी फसवले गेले.

ही फसवणूक कशी होते, ते मुद्दाम सांगतो, कारण त्यात आपल्यालाही धडा आहे. घर आजोबांच्या नावावर. आजोबा वारले, वारसांची नोंद कुणी केली नाही. कर थकला. मग एक गोड बोलणारा माणूस येतो, “कर्ज मिळवून देतो, इथे सही करा,” म्हणतो. सही होते ती खरेदीखतावर! किंवा दूरच्या एखाद्या वारसाचा हिस्सा कवडीमोलाने घेऊन तो सबंध घर विक्रीला काढायला लावतो. असे इतके घडले, की २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने घराचा दस्त बळकावणे ही चोरी म्हणून फौजदारी गुन्हा ठरवली. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हायची राहिली, फेरफार अडकला, म्हणून किती घरे भांडणांत बुडाली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कागद वाचल्यावाचून सही करू नये, आणि वारसाची नोंद वेळेवर करावी, ही गोष्ट ब्रुकलिनमध्ये जेवढी खरी तेवढीच आपल्या तालुक्यातही खरी.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती करून थांबतो. आपल्या गावात एखादा जुना वाडा असेल, पडकी माडी असेल, बाजारपेठेतले दुमजली घर असेल. मुलांना घेऊन तिथे जा. हे घर कुणी बांधले, लाकूड आणि दगड कुठून आला, हे तर विचाराच. पण त्यानंतर इथे कोण कोण राहून गेले, मधली भिंत कधी पडली आणि का, कुणाला इथे भाड्याने जागा मिळाली आणि कुणाला नाकारली, हेही म्हाताऱ्या माणसांना विचारा. शेवटच्या प्रश्नाला पहिल्यांदा कुणी उत्तर देणार नाही. तरी तो विचारायचाच. मुले वहीत दोन यादी करतील: एक घर बांधणाऱ्यांची आणि एक घरात राहून गेलेल्यांची. पहिली यादी छोटी असेल, दुसरी लांब. गावचा इतिहास लिहायला बसाल तेव्हा ही दुसरी यादी जवळ असू द्या.